आतली वाट

१९७३ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. मी आणि अच्युत, दोघंच, मुंबई सोडून दक्षिणेला निघालो होतो. सुकाणू माझ्या हातात होतं. अच्युत दांडीवरून अर्धा बाहेर लटकून होडीचा तोल सांभाळत होता. सावण्याचा उपसागर दिसू लागला तसा तो एकदम ओरडला,

“चारू, जाळी काढलीत! बघ, पाण्यावर एक बोया नाही. आतून घे!”

“का काढली असतील?”

“का ते परत येताना विचारू. आतून घे!”

मी सुकाणू वळवलं.

आमच्या होडीचं नाव ‘टिटवी’. दोन अरुंद होड्या आडव्या दांड्यांनी जोडाव्यात तशी तिची रचना होती आणि चांगला वारा मिळाला की ती पाण्याला जेमतेम टेकायची. मुंबई ते जयगड हे अंतर शिडाच्या होडीने सर्वांत कमी वेळात कापण्याचा विक्रम कुणा मेजर फेअरलीच्या नावावर होता. आमच्या क्लबच्या जिन्यात एक सागवानी फळी होती, तिच्यावर सोनेरी अक्षरांत ते नाव दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून चमकत होतं. अच्युत लहानपणी वडिलांचं बोट धरून त्या जिन्याने चढायचा तेव्हापासून ती फळी वाचत आला होता. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्याने मला पहिल्यांदा नेलं ते देवाला नव्हे, त्या फळीपाशी. “इथे आपली नावं लागतील,” तो म्हणाला होता. ‘आपली’ म्हणाला होता. ते मला फार आवडलं होतं.

सावण्यापाशी खडकांची एक रांग समुद्रात लांबवर गेलेली आहे. मोठ्या होड्या तिला बाहेरून वळसा घालून जातात. खडक आणि किनारा यांच्यामधून गेलं तर बराच वेळ वाचतो, पण तिथे सावण्याच्या कोळ्यांच्या डोली असत. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. समुद्राच्या तळात ताडाचे खुंट ठोकून ते बांधतात. भरतीला खुंट पाण्याखाली जातो. वर तरंगतो तो फक्त जाळ्याचा बोया. पंधरा दिवसांपूर्वी अच्युत कोकणच्या बोटीने येऊन सगळा मार्ग पाहून गेला होता, तेव्हा इथे बोयेच बोये होते. म्हणून आम्ही बाहेरून जायचं ठरवलं होतं. आज पाणी मोकळं दिसलं.

जाळं काढलं की बोया निघतो. खुंट निघत नाही, तो वर्षानुवर्षं तिथेच उभा असतो. हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आवाज फार मोठा झाला नाही. नारळ फुटावा तेवढाच. ‘टिटवी’ची डावी होडी जागच्या जागी थांबली आणि उजवी पुढे जात राहिली. मी हवेत होते, मग पाण्यात होते, मग डोलकाठी माझ्या मांडीवर होती. दुखलं नाही. फक्त पाय माझ्या मनासारखा हलेना.

“दोरी सोडू नकोस!” अच्युत कुठूनतरी ओरडत होता. “चारू, शीड जाईल! दोरी सोडू नकोस!”

मी सोडली नाही. नंतर कोळ्यांनी आम्हाला होडीत ओढून घेतलं तेव्हा म्हणे ती माझ्या मुठीतून कापून काढावी लागली.

सावण्याला टेकडीच्या उतारावर एका ट्रस्टचा दवाखाना होता. खाटा सहा, पण त्या दिवसांत रोगी मी एकटीच. डॉक्टर बेहेरे नावाचे एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ तो चालवत. त्यांनी मांडीचं हाड मोडल्याचं सांगितलं आणि अच्युतला बाजूला न नेता माझ्यासमोरच म्हणाले,

“यांना हलवायचं नाही. रस्ता म्हणजे नुसते खड्डे आहेत. आणि बोटीने न्यायचं म्हणाल तर भर समुद्रात लहान पडावातून मोठ्या बोटीवर चढवायचं. मी ती जबाबदारी घेणार नाही. हाड धरेपर्यंत इथेच.”

“किती दिवस?” अच्युतने विचारलं.

“दिवस नव्हे हो. महिने म्हणा.”

त्यांनी माझ्या पायाला दोरी बांधली, ती कप्पीवरून नेली आणि टोकाला विटा लटकवल्या. कप्पी कोळ्यांच्या होडीवरची होती. मी शिडासारखी ताणून बांधली गेले. नर्सबाईंनी मारलेली गाठ सारखी सरकायची. तिसऱ्या दिवशी मी दोरीचं टोक मागून घेतलं आणि पडल्या पडल्या आमची होडीवरची गाठ मारली. डॉक्टर ती बघून म्हणाले, “आता हाड सुटेल, गाठ सुटायची नाही.”

अच्युत चार-पाच दिवस राहिला. दिवसभर किनाऱ्यावर ‘टिटवी’जवळ असायचा. संध्याकाळी येऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि कुठली फळी वाचली, कुठली गेली ते सांगायचा. मग एक दिवस ट्रक मिळाला. त्यात होडीचे तुकडे घालून तो मुंबईला गेला.

“पंधरा दिवसांत येतो,” म्हणाला. “तू विश्रांती घे. पुस्तकं आणतो.”

आला तो डिसेंबर संपताना.

त्या मधल्या दिवसांचं काय सांगू? मला छत पाठ झालं होतं. कौलांमधून उन्हाचा एक कवडसा सकाळी भिंतीवर उगवायचा आणि सरकत सरकत माझ्या पायाच्या दोरीपर्यंत यायचा. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जायचा, दुपारी फिरून वायव्येचा यायचा. मला तो खिडकीच्या फडफडीवरून कळायचा. आत्ता चांगला आहे, आत्ता ‘टिटवी’ उडाली असती, असं मनात यायचं आणि बोटं आपोआप मिटायची. सासूबाईंनी एकदा वड्या पाठवल्या. त्या पोचेपर्यंत मऊ पडल्या होत्या. त्यांच्या मते हे सगळं नवऱ्याला अरे-तुरे करण्याचं फळ होतं.

बोलायला माणूस म्हणजे एक चांगुणाबाय.

ती कोळीण होती, पन्नाशी उलटलेली, सडपातळ, कानात जड सोनं. पहिल्या आठवड्यातच ती एका पितळी डब्यात माशाचं कालवण आणि भात घेऊन आली आणि मला न विचारता भरवू लागली.

“मला हात आहेत,” मी म्हटलं.

“हायत ना. मंग धर.” तिने डबा माझ्या पोटावर ठेवला. पडल्या पडल्या पहिलाच घास माझ्या मानेवरून उशीत गेला. घास तिने परत आपल्या हातात घेतला.

मग ती रोज यायची. डबा ठेवायची, मला भरवायची आणि नंतर व्हरांड्यात जाऊन उंबऱ्याशी बसायची. समुद्राकडे तोंड करून. तिथून अख्खा उपसागर दिसायचा. तासन् तास बसायची. मला वाटायचं, माझ्या सोबतीला बसते.

“घरी कोण कोण आहे गं तुझ्या?” मी आतून विचारायची.

“दीर हाय, हसुराम. त्याचा गोतावला हाय.”

“मुलं?”

“एक हाय. जोमा.”

“काय करतो?”

“दर्यावर हाय तो.”

तिने एवढंच सांगितलं आणि मी एवढंच ऐकलं. मला वाटलं, कुठल्यातरी मोठ्या मचव्यावर कामाला असेल, गुजरातकडे वगैरे गेला असेल. मी पुढे माझ्याच गोष्टी सांगत बसले. फळीची सांगितली, मेजर फेअरलीची सांगितली.

“म्हंजे तुमी पैज लावली व्हती? कुनाशी?”

“कुणाशी नाही. वेळेशी.”

“तो गोरा कुठं हाय आता?”

“मेला असेल केव्हाच.”

“मेलेल्याशी पैज!” ती खुदखुदली. “त्याला काय घाई नाय गो. तुमालाच.”

डिसेंबरच्या शेवटी अच्युत आला तेव्हा विटा निघाल्या होत्या आणि कमरेपासून पावलापर्यंत मला प्लास्टर चढलं होतं. त्यामुळे खाट व्हरांड्यात काढता येऊ लागली होती. त्याने पुस्तकं आणली होती, माझी निळी शाल आणली होती. तो बारीक झाला होता आणि फार आनंदात होता. ‘टिटवी’ पुन्हा उभी राहिली होती.

“जानेवारी अखेरीला भरती बरोबर दुपारी सापडते,” तो म्हणाला. “त्यानंतर वारा पडत जाईल. म्हणजे ह्या वर्षी ती एकच संधी. नोशीर येतोय माझ्याबरोबर.”

मला माहीत होतं की कुणीतरी जाणारच. नोशीर आमच्याच क्लबातला होता. मी म्हटलं, “नोशीरला सुकाणू देऊ नकोस. तो गप्पा मारतो.”

“सुकाणू मी घेईन.” मग तो माझ्या खाटेवर बसला आणि समोर बोट दाखवून म्हणाला, “चारू, एक काम करशील? तुझी ह्या लोकांशी ओळख झाली आहे. त्या दिवसापुरती त्यांनी मधली जाळी काढून खुंटांवर खुणा लावल्या तर मला आतून जाता येईल. फक्त भरतीची वेळ. दोन्ही बाजूंना बावटे असले की मी मधून सरळ काढीन.”

“त्यांची दिवसाची मासळी बुडेल.”

“तू मागून तर बघ. तुला नाही म्हणणार नाहीत.” तो थांबला. “आणि आतून गेलो की ह्या व्हरांड्यासमोरून जाईन ना मी. अगदी समोरून. तुला हाताने खूण करीन. मग तू पण त्यात असल्यासारखीच की.”

मी त्याच्याकडे पाहिलं. वाऱ्याने रापलेला तो चेहरा, डोळ्यांच्या कडेला मिठाच्या बारीक रेघा. मी म्हटलं, “बघते.”

तो गेल्यावर मला एकच दिसू लागलं. पांढरं शीड उजवीकडून येतंय, बावट्यांच्या मधून समोर येतंय, एक हात वर होतोय. मला विक्रम नको होता, नाव नको होतं. तेवढा हात हवा होता. इतक्या आठवड्यांनंतर कुणीतरी मला बघून हात वर करणार होतं.

चांगुणाबायला सांगायला मला चार दिवस लागले. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हसुराम नाखव्याला घेऊन आली. तो जाडजूड, तोंडाळ माणूस. डोक्याला लाल टोपी. व्हरांड्याच्या खांबाला टेकून त्याने माझ्या प्लास्टरकडे पाहिलं.

“एकदा आपटलाव, तरी खाज हाय?”

“भावजी!” चांगुणाबाय म्हणाली.

“नाय, इचारतंय. बरं बाय, जाली काढू. पन दर्यात जालं घातलं नाय तर त्याला कायतरी कारन लागतं. आमी उगा जाली काढत नाय. त्या वेली पन...”

“भावजी, गप ऱ्हा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण तो गप्प झाला. मग ती माझ्याकडे वळली. “काढू गो आमी. तुझा घोव येल त्या दिसा वाट मोकली करू. तुला बघायचाय ना त्याला?”

मी मान हलवली.

तो दिवस उजाडला. सकाळपासून गावात सण असल्यासारखी धांदल. चांगुणाबायने आपलं एक जुनं लाल लुगडं फाडून त्याचे बावटे केले होते. होड्या दोन ओळींत नांगरल्या. प्रत्येक होडीत बांबू, बांबूवर लाल फडकं, खाली दोन-दोन माणसं. मधे पाण्याची रुंद, सरळ गल्ली. व्हरांड्यातून ती इतकी देखणी दिसत होती की डॉक्टर बेहेरेसुद्धा चहाचा कप घेऊन उभे राहिले.

“लग्नाची वरात येणार असं वाटतंय,” ते म्हणाले.

नर्सबाईंनी माझे केस विंचरले. मी निळी शाल अंगावर घेतली, म्हणजे लांबून ओळखू यावी.

भरती वाढत गेली. वारा वायव्येचा, भरलेला, एकसारखा. होड्यांतली माणसं उन्हात बसून एकमेकांना हाका मारत होती, कुणीतरी गाणं काढत होतं. हसुरामचा आवाज वर ऐकू येत होता. “ए, बावटा उभा धर! जावय येतंय गावाचा!”

मग डॉक्टर म्हणाले, “तिकडे काय आहे?”

ते उजवीकडे बघत नव्हते. सरळ समोर, खडकांच्या रांगेच्या पलीकडे, जिथे पाणी आणि आकाश एक होतं तिथे बघत होते. एक पांढरा ठिपका. बारीक, तिरपा, वेगाने सरकणारा. सबंध किनाऱ्यावर तसं शीड दुसरं नव्हतं.

तो ठिपका खडकांच्या टोकापर्यंत गेला, बाहेरून वळला आणि दक्षिणेला निघून गेला.

“तो दुसरा कुणीतरी असेल,” डॉक्टर म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं.

होड्यांतल्या लोकांना तो दिसला नव्हता. खालून दिसत नाही. ती माणसं तशीच उन्हात बसून राहिली, बावटे धरून. त्यांना कसं सांगावं ते मला कळेना. शेवटी डॉक्टरांनी कंपाउंडरला खाली पाठवलं. तरीही त्या होड्या लगेच हलल्या नाहीत. ओहोटी लागली तेव्हा एक-एक करून नांगर उचलू लागले.

चांगुणाबाय टेकडी चढून वर आली तेव्हा मी तोंड भिंतीकडे केलं होतं. ती माझ्या उशाशी बसली. पदराने तिने घाम पुसला.

“नाय आला?”

“बाहेरून गेला.”

“वारा बरा असल भायेर.”

“हो. वारा चांगला होता.” मग मी म्हटलं, “तुमची अख्खी दिवसाची मासळी गेली. सगळी माणसं उन्हात बसली. मला माफ कर.”

“त्याचं काय. मासली उंद्या हाय.” ती उठली आणि पायऱ्यांवरून खाली ओरडली, “भावजी! वर या! पोरांना घेऊन या!”

“काय करतेस?”

“वाट तू मागितलीस ना? मंग तू जा तिच्यातून. काढलेली वाट अशीच मोडू नये.”

डॉक्टर बेहेरे पहिल्यांदा हसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ती खरंच बोलते आहे. “अहो, प्लास्टर आहे! थेंबभर पाणी लागलं तरी पुन्हा घालणार नाही मी!”

“आमी होडीतून नेतो, डाक्टर. खालून नाय नेत,” हसुराम म्हणाला.

चार तरुण पुढे झाले आणि त्यांनी माझ्या खाटेचे चार खूर धरले. तेवढ्यात चांगुणाबाय ओरडली, “चौघं नको! पाचवा धरा! चौघांनी नेऊ नये जित्या मानसाला!”

म्हणून पाचव्याने मधेच एक हात घातला. त्याच्यामुळे बाकीच्यांच्या पायात पाय अडकू लागले. सगळे एकमेकांना शिव्या देत, हसत उतरू लागले आणि मी आकाशाकडे तोंड करून हलत डुलत टेकडीवरून खाली गेले. मागे डॉक्टर, हातात छत्री. का आणली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

होडीत आडव्या फळ्यांवर माझी खाट बांधली. गाठी मी तपासल्या. हसुराम वल्ह्यावर, चांगुणाबाय माझ्या पायाशी. ऊन कलतं झालं होतं. ओहोटीने पाणी उतरलं होतं आणि जे मी जवळून कधी पाहिलं नव्हतं ते आता दिसलं. पाण्यातून खुंटांची काळी डोकी वर आली होती. दोन्ही बाजूंना, ओळीने. मधे ती गल्ली. काही होड्या अजून होत्या. त्यांतल्या माणसांनी आम्हाला येताना पाहिलं आणि उतरवलेले बावटे पुन्हा उभे केले. कुणीतरी हात वर केला. मग सगळ्यांनीच केला.

मीही केला. मला वाटतं मी रडत होते. पण वारा होता, त्यामुळे ते कुणाला कळलं नसावं.

गल्लीच्या शेवटी एक खुंट जरा पुढे आलेला होता. त्याच्या एका अंगाचा ढलपा उडालेला आणि आतलं लाकूड पिवळं दिसत होतं.

“ह्योच,” हसुराम म्हणाला. “तुमी ह्याच्यावर आपटलाव.”

“हा तुमचाच?”

त्याने वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, “जोमाचा हाय.”

होडी थांबली होती. पाणी खुंटाला लागून चुळबुळत होतं. मला नोव्हेंबरमधली ती दुपार आठवली. परत येताना विचारू, असं म्हणून ठेवलेला तो प्रश्न. आता मी परतच येत होते. म्हणून विचारला.

“चांगुणाबाय, त्या दिवशी जाळी का काढली होती?”

उत्तर द्यायला तिला वेळ लागला नाही. जणू इतके दिवस ती ते तोंडात धरूनच होती.

“जोमा बुडाला त्याला आठवा दिस व्हता. ह्याच खुंटावर जालं सोडवायला गेला, तो वर आला नाय. आमच्यात मानूस दर्यात गेला आनि गावला नाय तर बारा दिस दर्या बंद. जालं नाय, होडी नाय. कुनी पान्यात पाय घालीत नाय.”

“पण मला तर तुम्ही...”

“मी बंदरावर बसली व्हती. रोज बसायची. तुझं शीड पडताना मी बघितलं. भावजींना सांगितलं, होडी काढा.”

“मी बोललो, वैनी, दर्या बंद हाय,” हसुराम म्हणाला. त्याने वल्हं मांडीवर घेतलं होतं. “मंग ती बोलली, कुनासाठी बंद हाय? माज्या पोरासाठी ना? मंग मी सांगतंय, उघडा.”

ती रोज व्हरांड्यात उंबऱ्याशी बसायची ते मी डोळ्यांसमोर आणलं. तिथून अख्खा उपसागर दिसतो. आणि मी आतून तिला माझ्या फळीची गोष्ट सांगत होते.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“खाटेवरच्या मानसाला सांगू नये. आनि तू घास खात नव्हतीस.” तिने हात लांबवून माझी शाल सारखी केली. “चला भावजी. गार वारा सुटलाय. डाक्टर तिकडं छत्री घेऊन उभा हाय.”

अच्युत आणि नोशीर तीन-चार दिवसांनी जीपने आले. विक्रम मोडला होता. अच्युत व्हरांड्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढला आणि त्याने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. त्याला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. मला आता हलवायला हरकत नव्हती, म्हणून तो बेहेऱ्यांना कागदपत्रांचं विचारायला आत गेला.

नोशीर माझ्या खाटेजवळ स्टूल ओढून बसला. लठ्ठ, लाल, प्रेमळ माणूस. “अरे चारू, काय वारा होता! आपण तर उडत होते! तुला समोरून बघायला मिळाला असता तर मजा आला असता. पण आत यायचा नाय, बाहेरूनच जायचा, हे तर मुंबई सोडायच्या अगोदरच ठरला होता ना.”

“अगोदरच?”

“हां, एक हप्ता अगोदर. अच्युत बोलला, एकदा मार खाल्ला, आता कोळी लोकच्या बावट्यावर भरोसा नको. बाहेर वारा पण सरस.” माझ्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. “तुला तार केली नाय त्याने? मला वाटला...”

“केली होती,” मी म्हटलं. “मीच विसरले.”

त्याने सुस्कारा सोडला. वाईट माणूस नव्हता. त्याला उगाच त्यात का ओढायचं?

परतताना जीपमध्ये अच्युत आपण होऊन म्हणाला, “ते बावटे लावले होते ना लोकांनी? बरं झालं. बाहेरचा वारा पडला असता तर मी आतून आलो असतो. सोय असलेली बरी.” मी खिडकीतून बाहेर बघत होते. खाली उपसागरात बोये परत तरंगू लागले होते.

त्यानंतर सगळ्यांचं काय झालं तेवढं सांगते.

जिन्यातल्या फळीवर मेजर फेअरलीच्या खाली दोन नावं लागली. अच्युत विजयकर आणि नोशीर. सात-आठ वर्षांनी नौदलातल्या दोन मुलांनी तोही विक्रम मोडला. पुढे जिना पाडून लिफ्ट बसवली तेव्हा फळी कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. नोशीर ऑस्ट्रेलियाला मुलाकडे गेला. दर पतेतीला त्याचं कार्ड यायचं. एका वर्षी आलं नाही.

डॉक्टर बेहेरे सावण्यालाच राहिले. त्यांनी मोडलेल्या हाडांची मोजदाद ठेवली नसेल, पण माझा पाय बोटभर आखूड राहिला याचं त्यांना फार वाईट वाटे. दर भेटीत ते मला चालून दाखवायला सांगत आणि मान हलवत. हसुराम म्हातारपणी बहिरा झाला, तरी बोलायचा थांबला नाही. आता तिथे डोली कुणी लावत नाही, मासळीच राहिली नाही म्हणतात. खुंट मात्र अजून आहेत.

चांगुणाबायकडे मी वर्षातून एकदा जात असे, दिवाळी सरल्यावर. आम्ही त्या व्हरांड्यात बसायचो. जोमा सापडला नाही. ती गेली तेव्हा मला उशिरा कळलं. मी पोचले तेव्हा बारावाही झाला होता. तिच्या सुनेने, म्हणजे हसुरामच्या मुलाच्या बायकोने, तो पितळी डबा मला दिला. त्यात मी आता तांदूळ ठेवते.

मी पुन्हा शर्यतीत उतरले नाही. मुलींना शीड शिकवलं, बरीच वर्षं. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच सांगायची. पाणी मोकळं दिसलं की आधी विचारा, का मोकळं आहे ते.

अच्युतबरोबर मी चाळीस वर्षं संसार केला. चांगला केला. त्याला माझ्याशिवाय जेवण जायचं नाही. त्या दिवसाबद्दल मी त्याला काही विचारलं नाही. शेवटच्या आजारात तो पलंगावर होता आणि मी खुर्चीत. एका दुपारी खिडकी फडफडली. वायव्येचा वारा होता. तो डोळे मिटूनच म्हणाला,

“चारू, त्या दिवशी मी सावण्यावरून गेलो, तेव्हा तुला दिसलो होतो का गं?”

“दिसलास.”

“कसा दिसत होतो?”

मी त्याच्या अंगावरची शाल सारखी केली.

“लहान,” मी म्हटलं.